पेटी एक, तोंडे अनेक

ओहोटीला उरणजवळच्या जासईकडच्या खाडीचा चिखल उघडा पडला की त्यावर सगळ्यांत आधी निवटी दिसते. डोके डावी-उजवीकडे हलवत ती चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडत पुढे सरकते. त्या पापुद्र्यात डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल असते आणि निवटीचे पोट मुख्यतः त्यावरच भरते. भरतीबरोबर आत येणारी बोय तोच गाळ तोंडात घेते, पण वेगळ्या रीतीने पचवते. तिचे जठर जाड स्नायूंचे असते, गाळातली बारीक वाळू ती दळणासाठी वापरते आणि शेवाळ, कुजलेला पाचोळा यांतून पोषण काढते. चिवणी तळाशी मिशांनी चाचपत किडे, कोळंबीची पिल्ले आणि सापडेल ते खाते. आणि जिताडा या सगळ्यांवर टपून असतो. त्याला शेवाळाशी काही देणे-घेणे नाही, हलणारे भक्ष्य हवे. एकच खाडी, एकच भरती, पण प्रत्येकाची पंगत वेगळी.

आता त्याच परिसरातल्या एखाद्या घरातली दोन फुटी काचपेटी पाहा. तिच्यात गप्पी असतात, मॉली असतात, निऑन टेट्राचा लहानसा थवा, चार-सहा झेब्रा, गुरामीची एखादी जोडी, तळाशी दोन-चार कोरीडोरास आणि काच साफ ठेवील म्हणून आणलेला सकर. गप्पीचे मूळ त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाच्या बाजूचे, मॉलीचे मेक्सिकोकडचे, निऑन वरच्या अॅमेझॉन खोऱ्यातला, झेब्रा आणि छोटी गुरामी आपल्या गंगेच्या खोऱ्यातले. निसर्गात एरवी बहुतेक एकमेकांना न भेटणारे हे जीव आपण एका पाण्यात आणून सोडतो आणि त्यांच्यापुढे ठेवतो काय, तर लाल-हिरव्या दाण्यांचा एकच डबा, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर. तो डबा वाईट असतो असे नाही. पण सगळी पेटी त्याच्यावर सोपवली की काही मासे सुटतात, काही अर्धपोटी राहतात आणि बरेचसे हळूहळू फिके पडतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

ही पुस्तिका जासईतून निघते आहे याला कारण आहे. नवी मुंबईसाठी जमीन संपादन झाले त्याची किंमत या गावाने मोजली आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. ‘दिबां’चे हे जन्मगाव. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, मग कंटेनरची आवारे आली, रुंद रस्ते आले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल या दोन्हींचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. या सगळ्यात भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे आकसली. पहिल्या मोठ्या पावसात ओहोळातून शेतात चढणारी वलगण म्हणजे काय, हे ज्यांनी टोपले घेऊन पाहिले ती पिढी अजून आहे. त्यांच्या नातवंडांना मात्र जिवंत मासा पहिल्यांदा भेटतो तो बहुधा काचेमागे. म्हणून काचपेटीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहणे मला पटत नाही. मासा काय खातो आणि का खातो हे जाणण्याची या मुलांच्या हाती उरलेली ती मोठी संधी आहे, आणि एका डब्यावर भागवले की ती संधी वाया जाते.

माशाला काय घालावे हे दुकानदाराला विचारण्याआधी माशाच्या तोंडाकडे पाहावे. गप्पी आणि मॉली यांचे तोंड वरच्या बाजूला उघडते. गप्पी पाण्याच्या पृष्ठभागावरून खातो, म्हणूनच डासांच्या अळ्यांवर त्याची नेमणूक झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आणला गेला आणि पुढे ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा गावोगावच्या भिंतींवर गेली. टेट्रा आणि बार्ब यांचे तोंड नाकासमोर सरळ उघडते, ते मधल्या पाण्यात, खाली येणारा कण झेपावून पकडतात. कोरीडोरासचे तोंड खाली, भोवती मिशा. ते वाळूत नाक खुपसून शोधतात. सकरचे तोंड तर पूर्ण खाली वळलेले, ओठांची चकती झालेली. तो चिकटतो आणि खरवडतो. तरंगणारा दाणा वरच्यांच्या सोयीचा असतो. पेटीत वरचे मासे चपळ असतील तर तळापर्यंत धूळच तेवढी पोहोचते.

इथे एक समज मुळातून काढायला हवा. सकर इतर माशांची विष्ठा खातो आणि पेटी साफ करतो असे सर्रास सांगितले जाते. तो विष्ठा खात नाही. तो काचेवरचे आणि दगडावरचे शेवाळ खरवडतो, आणि दोन फुटी पेटीतले शेवाळ त्याला काही दिवसही पुरत नाही. मग तो उपाशी राहतो, पोट आत जाते, डोळे खोल जातात, आणि आपण म्हणतो की सकर आपोआप मेला. त्याला दोडक्याची, काकडीची, दुधीची चकती हवी, पालकाचे वाफवलेले पान हवे, तळाशी बुडणारी शेवाळाची वडी हवी आणि शक्यतो खरवडायला एक लाकूड हवे. कोरीडोरासचेही तसेच. ‘उरलेसुरले खातील’ म्हणून आणलेला मासा उरल्यासुरल्यावर जगत नाही. त्याच्या वाट्याचे वेगळे घालावे लागते, तेही शक्यतो दिवा मालवल्यावर, कारण हे मासे संध्याकाळनंतर खरे जागे होतात.

तोंडानंतर आतडे. गोल्डफिश, झेब्रा, बार्ब ही सगळी कार्पच्या कुळातली मंडळी, आणि या कुळाला जठरच नसते. घशात दात असतात, त्यांनी अन्न चुरडले जाते आणि ते थेट आतड्यात जाते. साठवायला जागा नाही, म्हणून त्यांना एकदम भरपूर घातलेले अन्न अर्धवट पचून बाहेर पडते. थोडे-थोडे, दोन-तीनदा, हा त्यांचा नियम. एंजल मासा मात्र जठरवाला आणि शिकारी वृत्तीचा. त्याला प्रथिने जास्त लागतात आणि पूर्ण वाढलेला एंजल निऑन गिळतो. हा त्याचा खाष्टपणा नव्हे, अॅमेझॉनमध्ये लहान मासे हा त्याच्या अन्नाचाच भाग आहे. मॉलीचे आतडे लांब असते. वनस्पती पचवायला वेळ लागतो आणि लांबी त्यासाठीच असते. मॉलीला सतत मांसाहारी दाणा घातला की पोट फुगते, आणि त्याच दाण्यावर एंजल झकास वाढतो. एकाच डब्याने दोघांचे भागत नाही ते यामुळे.

मिश्र पेटीचे हे गणित आपल्याकडे नवीन नाही. तळ्यातल्या मत्स्यशेतीत ते फार पूर्वीपासून मांडलेले आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रमुख कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि बीज हवे तेव्हा मिळू लागले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यातून मिश्र मत्स्यशेती रुजली: कटला वरच्या पाण्यातले प्राणिप्लवंग खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य अन्न खातो, मृगळ तळाचा गाळ आणि कुजके सेंद्रिय द्रव्य खातो. तिघे एका तळ्यात, एकमेकांच्या ताटात हात न घालता. शेतकरी कोंडा आणि शेंगदाणा पेंड देतो, पण तळ्यातले नैसर्गिक अन्न तयार व्हावे म्हणून शेणखतही टाकतो. वरून घातलेले अन्न पुरवणी असते आणि तळे स्वतःच मुख्य अन्न पिकवते. काचपेटीत हे पिकवणे बंद असते. तिथे जे येते ते आपल्या हातून, म्हणून आपल्या हातांवर जबाबदारी जास्त.

डब्याच्या इतिहासात फार शिरत नाही, पण थोडे सांगायला हवे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले, तेव्हा घरी मासे पाळणाऱ्यांना अन्न स्वतःच शोधावे लागे: तळ्यातले पिसू, गांडुळे, मांसाचे तुकडे. आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले त्या काळातही घरगुती हौस जिवंत अन्नावरच चाले. १९५५ च्या सुमारास जर्मनीत डॉ. उलरिख बेन्श यांनी पापुद्र्यांच्या स्वरूपातले तयार अन्न बाजारात आणले आणि मत्स्यपालन सामान्य घरात शिरले. हे उपकार मोठे आहेत. संतुलित, स्वच्छ, रोगमुक्त अन्न चिमटीत आले. चांगल्या कंपनीचा दाणा हा रोजच्या आहाराचा पाया असावा, हे माझे मत आहे आणि पुस्तिकेतल्या सगळ्या सूचना तेच धरून आहेत. पायावर घर मात्र बांधावे लागते.

कारण डबा उघडल्या क्षणापासून त्यातले सत्त्व घटू लागते. बहुतेक मासे क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागते. त्याच्या कमतरतेने वाढत्या माशाचा कणा वाकडा होतो, जखमा भरत नाहीत, रोगाला तोंड देण्याची ताकद जाते. आणि क जीवनसत्त्व हे हवा, उष्णता, ओलावा यांपुढे सर्वांत आधी हरणारे. स्वस्त पडते म्हणून किलोभराची पिशवी घ्यायची आणि वर्षभर पुरवायची, यात वर्षाच्या शेवटी माशांना रंगीत भुसा मिळत असतो. लहान डबा घ्या, त्यावर उघडल्याची तारीख लिहा, दोन-तीन महिन्यांत संपवा. दाणा पाण्यात पडल्यावर विरघळणारी जीवनसत्त्वे तर पहिल्या मिनिटातच बाहेर झिरपू लागतात, म्हणून जो दाणा माशांनी लगेच उचलला नाही त्याचे पोषणमूल्य तिथेच गेले.

कोकणात याहून मोठा धोका पावसाळ्याचा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मीठसुद्धा पाझरते. मग फडताळातला माशांचा डबा कसा कोरडा राहील? ओलसर दाण्यावर बुरशी चढते आणि काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. या विषाची ओळखच जगाला माशांनी आणि पक्ष्यांनी करून दिली. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी बुरसट शेंगदाणा पेंडीने मेले, आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या ट्राउटच्या संवर्धन केंद्रांत माशांना यकृताचे कर्करोग दिसू लागले. तपासात बोट सरकीच्या पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिनकडे गेले. वास घेतल्यावर कोंदट वाटणारा, गुठळ्या झालेला दाणा वाळवून वापरू नका. विष उन्हाने जात नाही. तो डबा सरळ फेकून द्या. पावसाळ्यात आठवड्यापुरते दाणे छोट्या बरणीत काढावेत, बाकी घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावेत आणि ओल्या बोटांनी कधीही काढू नयेत.

रंगाविषयी लोक सर्वांत जास्त विचारतात. दुकानात भडक दिसलेला मासा घरी सहा महिन्यांत फिका का पडतो? लाल, केशरी, पिवळा हे रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड द्रव्यांचे असतात आणि मासा ती स्वतः बनवू शकत नाही. निसर्गात ती शेवाळातून आणि शेवाळ खाणाऱ्या बारीक कवचधारी जीवांतून येतात. निऑनची निळी पट्टी मात्र अन्नावर अवलंबून नसते. ती त्वचेतल्या स्फटिकांवर प्रकाश परावर्तित होऊन दिसते. म्हणून उपाशी निऑनचा लाल भाग आधी उतरतो, निळा नंतर. ‘रंग वाढवणारा’ म्हणून विकला जाणारा महागडा डबा घेण्याआधी आपल्या बाजारातला जवळा आठवावा. सुकटीच्या वाट्यात मिळणारा तो बारीक जवळा कवचासकट असतो आणि त्याच्या कवचात अॅस्टाझँथिन हे लाल-केशरी द्रव्य असते. मीठ न लावलेला, चांगल्या वासाचा जवळा घ्यावा, दोन-तीन पाण्यांत धुऊन भिजवावा, बारीक करून आठवड्यातून एक-दोनदा चिमूटभर घालावा. उरण-पनवेलच्या कोळणींकडे जे सहज मिळते ते परदेशी वेष्टनात दसपट भावाने घेण्याचे कारण मला दिसत नाही.

खरे तर या भागातल्या स्वयंपाकघरातच मिश्र पेटीचा निम्मा आहार पडलेला असतो. कोळंबी सोलताना बाजूला ठेवलेला एक तुकडा उकडून, किसून एंजलला आणि गुरामीला द्यावा. मटाराचे दाणे उकडून, साल काढून, चुरडून गोल्डफिश आणि मॉलीला द्यावेत. गोल्डफिश फुगून वर तरंगू लागला तर बरेचदा एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी मटार इतकेच पुरते. पालक, दोडका, दुधी मीठ न घालता वाफवून. ज्यांच्या पेटीत पाच-सहा जातींचे मासे आहेत त्यांच्यासाठी पुस्तिकेत चायनाग्रासच्या वडीची कृती दिली आहे: उकडलेली कोळंबी, पालक, मटार, थोडा जवळा आणि स्पिरुलिना वाटून, चायनाग्रास पाण्यात उकळून किंचित निवल्यावर त्यात मिसळायचे, ताटलीत थापायचे, चौकोन कापून बर्फकप्प्यात ठेवायचे. वडी पाण्यात लगेच विरत नाही, हळूहळू तळाशी जाते, आणि सगळ्या थरांतल्यांना तिच्यात आपापला वाटा सापडतो.

काय घालू नये तेही स्पष्ट सांगतो. बिस्किट, पाव, चपाती, शेव, फरसाण घालू नये. एवढे पिष्ट आणि तेल या माशांना नीट पचत नाही आणि पाणी नासते. महाडजवळच्या वाळण कोंडात, म्हणजे नदीतल्या डोहात, भाविक देवाच्या माशांना खाऊ घालतात. ते मासे महसीर आहेत, आणि तिथे उरलेले अन्न वाहत्या पाण्याने पुढे जाते. काचपेटीत पुढे काहीच जात नाही. बकऱ्याचे किंवा गुराचे मांस टाळावे. त्यातली चरबी माशांच्या शरीराच्या तापमानाला घट्ट राहते आणि यकृतावर साचते. कच्चे शिंपले आणि काही कच्चे मासे यांत थायमिनेज नावाचे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते. एखाद्या दिवशी चालते, रोज नाही. उकडल्याने ते विकर निकामी होते, म्हणून घरचे समुद्री अन्न उकडूनच द्यावे, हे सर्वांत सोपे.

जिवंत अन्नाविषयी मी ठाम आहे. मासा जिवंत भक्ष्याच्या मागे धावतो तेव्हा तो पूर्ण मासा होतो. थवा एकदम वळतो, नर रंग उधळतो, अंडी घालण्याची तयारी बहुधा याच आहाराने होते. पण बाजारात सर्वांत सहज मिळणारे जिवंत अन्न म्हणजे ट्युबिफेक्स, ते लाल बारीक किडे, आणि ते येतात गटारांच्या आणि सांडपाण्याच्या गाळातून. त्यांच्यासोबत जिवाणू, परजीवी आणि गाळातले जड धातूही येतात. वाहत्या पाण्यात अनेक दिवस धुतले तरी पोटातले सगळे निघत नाही. मिश्र पेटीत ते घालू नयेत असेच मी म्हणेन. त्याऐवजी गोठवलेले ब्लडवर्म (एक प्रकारच्या लाल अळ्या) घ्या, चांगल्या कंपनीचे, प्रक्रिया केलेले. वाळवलेल्या ब्लडवर्मची भुकटी मात्र नाकाजवळ नेऊ नका. तिच्यातल्या प्रथिनाची माणसांना ॲलर्जी होते, शिंका आणि दमा बळावल्याची उदाहरणे आहेत. घरी मोइना हे पाणपिसू वाढवणे अवघड नाही: उन्हात ठेवलेल्या टाकीत पाणी हिरवे होऊ द्यायचे, मोइना सोडायचे, बारीक जाळीने गाळून घ्यायचे. टाकीवर मच्छरदाणी बांधलेली हवीच. डासांच्या अळ्या उत्तम अन्न आहेत यात शंका नाही, पण आपल्याकडे डेंग्यू आहे. अळी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडते. कुंडीखालच्या ताटलीत अळ्या दिसल्या तर त्या गाळून पेटीत टाका. मुद्दाम त्यांची पैदास करू नका. आणि भातखाचरातल्या पाण्यातून काही आणायचे असेल तर त्या शेतात कीटकनाशक फवारले आहे का, हे शेतकऱ्याला आधी विचारा.

पिल्लांचा आहार हे वेगळे प्रकरण आहे, इथे फक्त ओळख करून देतो. गप्पी-मॉलीची पिल्ले जन्मतःच पोहतात आणि बारीक चुरा खातात. झेब्रा-गुरामीची पिल्ले इतकी लहान की त्यांना चुराही मोठा होतो. त्यांच्यासाठी पेंढा पाण्यात चार-पाच दिवस भिजवून एकपेशीय जीव तयार करता येतात, आणि भाताच्या या मुलखात पेंढ्याला तोटा नाही. त्यानंतर आर्टेमिया. खारट पाण्यात, साधारण २८ अंशांवर, हवा सोडून ठेवले की एका दिवसात त्यांची अंडी फुटतात आणि अर्ध्या मिलिमीटरहून लहान, नारिंगी ठिपके पोहू लागतात. आर्टेमिया हा मिठागरांचा जीव आहे. ज्यांच्या आजोबांनी मिठागरात फावडे मारले त्यांना खारट पाण्याचा अंदाज निराळा शिकवावा लागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी विविधतेच्या उत्साहात विसरली जाते. विविध म्हणजे जास्त नव्हे. हिशोब करून दाखवतो. ४० टक्के प्रथिने असलेल्या एक ग्रॅम दाण्यात ०.४ ग्रॅम प्रथिन असते. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरला तरी ३२ मिलिग्रॅम होतो. दोन फुटी पेटीत पाणी साधारण ५० लिटर, म्हणजे लिटरमागे ०.६४ मिलिग्रॅम. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण नव्या पेटीत ते जिवाणूच पुरेसे नसतात. मासे अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. तो पाण्यात साचला की तेच कल्ले जळतात. भुकेने मेलेल्या माशांपेक्षा जास्त खायला घातल्याने मेलेले मासे कितीतरी अधिक असतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच घाला, दिवसातून दोनदा. आठवड्यातून एक दिवस मोठ्या माशांना काहीच घालू नका. मे महिन्यात पाणी तापते आणि त्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा मात्रा उतरवा. जानेवारीच्या पहाटे पाणी गार असते, पचन मंद असते, तेव्हा सकाळचे खाणे उशिरा द्या.

सुट्टीत बाहेरगावी जाताना शेजारच्या काकूंच्या हाती डबा देऊ नका. प्रेमापोटी त्या मूठभर घालतील. रोजच्या कागदी पुड्या बांधून द्या. चार-पाच दिवसांचीच सुट्टी असेल तर निरोगी मोठे मासे उपाशी राहिले तरी चालतात.

शेवटची सूचना खाण्याची नाही, पण खाण्यावरूनच निघते. सकर मोठा झाला, एंजलने निऑन खाल्ले, आता परवडत नाही, म्हणून मासा गावच्या तळ्यात सोडणारे आहेत. सकर आपल्या तळ्यात मरत नाही, वाढतो. उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात ‘हेलिकॉप्टर मासा’ म्हणून जो येतो तो याच कुळातला. काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. खाचरांत आणि तळ्यांत अजून जी मरळ आणि चिवणी उरली आहे तिच्या अन्नावर हा परका भागीदार बसवू नका. मासा नको असेल तर दुकानात परत द्या किंवा मोठी पेटी असलेल्या कुणाला द्या. आणि पुढच्या वेळी घेतानाच त्याचे तोंड पाहून, त्याला काय लागते ते विचारून घ्या.

पुढची प्रकरणे माशांच्या जातीनुसार लावली आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी आठवड्याचा आहार दिला आहे. तुमच्या पेटीत जे मासे आहेत तेवढीच प्रकरणे आधी वाचलीत तरी चालेल. पण वाचण्यापूर्वी दोन कामे आजच करा. घरातल्या डब्यावर तो उघडल्याची तारीख लिहा, आठवत नसेल तर तो टाकून नवा आणा. आणि रात्री दिवा मालवण्याआधी तळाच्या माशांसाठी दोडक्याची एक चकती बुडवा, सकाळी उरलेली काढून टाका.